नऊशेची नळी

पूल जागेवर होता, रस्ता नव्हता. ओढ्याच्या मधोमध सिमेंटच्या दोन नळ्या, त्यांच्या तोंडाला दगडी भिंत, वर दहा-बारा फूट डांबर आणि दोन्ही बाजूंना नुसतं भगदाड. परंडा तालुक्यातल्या सीना नदीकाठच्या एका गावातून ओळखीच्या मास्तरांनी हा फोटो पाठवला तेव्हा सप्टेंबर २०२५ संपत आला होता. टीव्हीवर पुरामुळं पत्र्यावर चढून बसलेली माणसं दिसत होती, दावणीलाच मेलेली जनावरं दिसत होती, लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग अडला होता. त्या गदारोळात खेड्यातल्या पावणेचार मीटर रुंदीच्या डांबरी पट्ट्याकडं कोण बघणार? मला मात्र तो फोटो सोडेना. एवढं सगळं नेणाऱ्या पाण्यानं पूलच तेवढा का ठेवला?

दिवाळी उरकून गेले तोवर काम सुरू झालं होतं. गाव लागायच्या आधी वास आला. डांबराचा नाही, कुजलेल्या सोयाबीनचा. काढणीला आलेलं पीक गाळाखाली गाडलं गेलं होतं आणि ऊन चढलं की खालून आंबूस, नाकाला चिकटणारा दर्प वर यायचा. खडी पसरणाऱ्या बायकांनी नाकाला पदर लावणं कधीच सोडून दिलं होतं. "आता भाकरीलाबी त्योच वास येतोय ताई," त्यातली एक म्हणाली. तिचं स्वतःचं दोन एकर सोयाबीन त्याच गाळात होतं. म्हणून तर ती रोजानं इथं आली होती.

घाई उसासाठी होती. १ नोव्हेंबरपासून कारखाने सुरू करायला परवानगी मिळालेली. पुरातून जो ऊस वाचला तो फडातून बाहेर काढायचा तर ट्रॅक्टर आणि मागं दोन ट्रॉल्या, म्हणजे वीस टनांच्या आसपास वजन, याच रस्त्यानं जाणार. पोरं महिनाभर बांधावरून चिखल तुडवत शाळेत जात होती, एका बाळंतिणीला बाजेवर घालून हमरस्त्यापर्यंत न्यावं लागलं होतं, तेव्हा कुणी फारसं हललं नव्हतं. उसाची तारीख जवळ आली आणि चार दिवसांत पोकलेन आलं, असं मास्तर म्हणाले. मास्तर थोडे तिखट बोलतात, पण तारखा त्यांच्याच बाजूनं होत्या.

कामाची रीत सांगायला सोपी आहे. गाळ उपसायचा, खाली कठीण लागेपर्यंत जायचं, मग मुरमाचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि रोलर, त्यावर मोठी खडी, बारीक खडी, फटी भरायला पुन्हा मुरूम, पुन्हा पाणी, पुन्हा रोलर. डांबर नंतर, निधी आला की.

अडचण आहे ती मातीची. हा सगळा काळ्या रानाचा पट्टा. पिकाला सोनं असलेली ही माती रस्त्याला मात्र वैरीण. भिजली की फुगते, सुकली की हात आत जाईल एवढी भेगाळते, आणि तिच्यावर जे काही बांधाल ते तिच्याबरोबर वर-खाली होतं. म्हणून भराव मुरमाचा हवा. मुरूम खाणीतून आणायचा, त्याची रॉयल्टी भरायची, टिपरचं भाडं द्यायचं, आणि हिशेब ब्रासवर, शंभर घनफुटाला एक. काळी माती बाजूलाच पडलेली असते, फुकट. पोकलेनच्या एका हिसक्यात पाऊण भगदाड बुजतं. वरून मुरमाचा वीतभर थर टाकला की दोन्ही भराव डोळ्यांना सारखेच दिसतात.

रोलरवरचा पोरगा कर्नाटक सीमेकडचा, अंगावर क्रिकेट संघाचा निळा टीशर्ट. प्रत्येक थर दाबायच्या आधी तो खाली उतरायचा, मुरूम मुठीत घेऊन आवळायचा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडायचा. मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला आणि जमिनीवर पडून फुटला, तर ओल बरोबर. मुठीतच भुगा झाला तर टँकरवाल्याला हाक. तळव्याला चिकटून बसला तर अर्धा तास थांबायचं. पोटापाण्याची घाई असलेल्या मुकादमाला हा अर्धा तास फार जड जायचा. "अरे दाब की आता, संध्याकाळ करतो काय!" पोरगा ऐकल्यासारखं करायचा आणि बिडी पेटवायचा. त्याची बिडी संपेपर्यंत मुरूम वाळायचा.

मुरमाच्या एका खेपेला उशीर झाला तेव्हा पोकलेनचं बकेट शेजारच्या रानाकडं वळलंच. त्या रानाची वरची माती पुरानं खरडून नेली होती, बांधालगत कमरेएवढा ढीग तेवढा अडकून राहिला होता. शेतकरीण धावत येऊन बकेटसमोर उभी राहिली. "नदीनं नेलं त्ये नेलं. ऱ्हायलेलं तुमी नेऊ नका." ऑपरेटरनं मशीन बंद केलं, खाली उतरला आणि तिला हात जोडले. सरकारनं खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रुपये जाहीर केले होते, शिवाय रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंतचं काम. तिनं हे आकडे ऐकले होते. तिला ढीग हवा होता.

पण मी ज्यांच्यासाठी पुन्हा पुन्हा त्या ओढ्यावर जात राहिले ते आबा. सत्तरीचे असावेत. पिढीजात दगडकाम, डोक्याला पटका, डोळ्याला जाड चष्मा, उजव्या हाताच्या एका बोटाला नख नाही. भरावाच्या उताराला पाण्याकडच्या बाजूनं दगडी पिचिंग करायचं होतं. चुना नाही, सिमेंट नाही, दगडाला दगड अडकवून नऊ इंचांची पाठ तयार करायची. आबा आधी दगड उचलत नसत. त्याच्यावर हातोडी टेकवल्यासारखी मारत आणि ऐकत. खणखणीत वाजला तर घ्यायचा. बद्द वाजला तर आत चीर आहे, बाजूला. पोरांनी ओढ्यातले गुळगुळीत गोटे गोळा करून आणले होते, दिसायला सुरेख. आबांनी सगळे परत ओढ्यात टाकायला लावले. "ह्ये पाण्यानंच घडवल्यात. पाणी आलं की त्याच्यासंगं जात्यात." त्यांना खाणीचा, कोपरे असलेला दगड लागायचा.

मग लावायची पद्धत. दगडाचं लहान तोंड बाहेर आणि लांब शेपूट भरावाच्या आत. दोन दगडांच्या मधे चिपा ठोकून बसवायच्या, इतक्या घट्ट की पहारीनंसुद्धा दगड सहज निघू नये. सगळ्यात खाली, ओढ्याच्या तळाशी, पायाचा चर खोदून मोठे दगड आधी गाडायचे; तो पाया सरकला की वरचं सगळं घसरत खाली येतं. आबांचा जावई पलीकडच्या तीरावर काम करत होता आणि त्याचं काम दुप्पट वेगानं चाललं होतं. तो दगड आडवे निजवत होता. दिसायला त्याचं काम जास्त साफ होतं, फरशीसारखं सपाट. मजुरी चौरस मीटरवर. आडवा दगड जास्त जागा झाकतो, उभा शेपटीनं आत गेलेला कमी. म्हणजे नीट काम करणाऱ्याला दगड जास्त लागतो, वेळ जास्त लागतो आणि पैसे कमी मिळतात. हा हिशेब कुणी मुद्दाम असा केला असेल असं मला वाटत नाही. कुणी दगडाजवळ बसून तो तपासला नसावा एवढंच. आबांना विचारलं, जावयाला सांगत का नाही? "त्याला दोन पोरं हायती शिकायला. मला काय, माजं भागतंय."

फोटोतल्या प्रश्नाचं उत्तरही त्यांनीच दिलं, दगड वाजवता वाजवता. "नऊशेची नळी हाय ती. नऊशेची."

नऊशे म्हणजे आतला व्यास नऊशे मिलिमीटर, तीन फुटांना थोडा कमी. अशा दोन नळ्या शेजारी शेजारी. पुरात शेतातलं जे जे सुटलं ते ओढ्यानं आलं: उसाचं पाचट, बाभळीच्या फांद्या आणि सगळ्यात वाईट म्हणजे ठिबकच्या नळ्यांची गुंतवळ. काळ्या प्लॅस्टिकचं ते जाळं नळीच्या तोंडाशी अडकलं, त्यात पाचट बसलं, पाचटात गाळ बसला. दोन्ही तोंडं बंद. मग पाणी वर चढलं आणि पुलाला बगल देऊन कडेच्या भरावावरून निघालं. पूल सिमेंटचा, भराव मातीचा. उघड आहे कोण टिकणार. मी गेले तेव्हाही ठिबकची ती गुंतवळ ओढ्याकाठी पडलेली होती, एका खोलीएवढी, आणि दोन बाया विळ्यानं कापून त्यातल्या धड नळ्या वेगळ्या करत होत्या.

तर मग नळी मोठी का नाही घालायची? दुपारी कामावर येऊन गेलेल्या तरुण अभियंत्याला मी हेच विचारलं. सरळ माणूस होता, चिडला नाही. पूरहानीच्या कामात जे होतं तेच परत उभं करायचं, सुधारणा करायची नाही, असं त्यानं सांगितलं. होती नऊशेची, धरली नऊशेची. बाराशेची घालायची तर अंदाजपत्रक बदलणार, तांत्रिक मंजुरी नव्यानं, तोवर हंगाम संपला. "आणि मॅडम, माझ्याकडं अशी किती ठिकाणं आहेत माहितीय का?" त्याच्या मोटरसायकलच्या डिकीत नकाशांची सुरळी होती, चिखलानं माखलेली.

घरी येऊन मी गणित मांडलं. नऊशेवरून बाराशेवर गेलं की व्यास एक तृतीयांशानं वाढतो, पण पाण्याची वाट जवळजवळ पावणेदोन पट होते. ७ ऑक्टोबरला सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात रस्ते-पुलांसारख्या पायाभूत सोयींच्या दुरुस्तीला १० हजार कोटी. आकडा ऐकून छाती दडपते. पण तो आकडा ओढ्यापर्यंत उतरतो तेव्हा नऊशेची नळी होती तिथं नऊशेचीच नळी, एवढाच उरतो.

गावात आणखी एक गोष्ट कळली, ती कुठल्या पंचनाम्यात नसणार. रस्ता दोन ठिकाणी तुटला होता. त्यातल्या एकाच ठिकाणी, पुलाजवळ, पाण्यानं तोडला. दुसरीकडं वरच्या रानवाल्यांनी रात्री जेसीबी लावून फोडला. त्यांचा दोषही काढवत नाही. सपाट रानातून तीन-चार फूट उंच भराव घातला की तो आपसूक बंधारा होतो, आणि वरच्या बाजूला पाणी तुंबतं. पूर्वी इथं उंच रस्ता नव्हता. ओढ्यात दगडी फरशी होती, पाणी तिच्यावरून जायचं, चार-सहा तास वाट बघायची आणि ओसरलं की पलीकडं. आबांच्या वडिलांनी त्या फरशीचं काम केलेलं. २००० साली पंतप्रधान ग्रामसडक योजना आली, मग हळूहळू बारमाही रस्ता हा गावांचा हक्क झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. फरशीवरून पाण्यात गाडी घालून वाहून गेलेल्यांची नावं याच गावात सांगतात. तरी मला वाटतं, बारमाही म्हणजे उंच, असं समीकरण आपण फार लवकर मांडून टाकलं. काळ्या रानात जिथं मोठ्या पुलाला पैसे नाहीत, तिथं बुटका रस्ता आणि वरून पाणी जाऊ देणारी, दोन्ही अंगांनी काँक्रीटनं बांधलेली फरशी वर्षातले थोडे तास बंद राहील, पण सकाळी जागेवर सापडेल. अभियंत्याला मी हे म्हटलं. तो म्हणाला, "बरोबर आहे, पण फरशी बांधली की गाव म्हणतं, आम्हाला मागं नेलं."

तिसऱ्या नळीची गोष्ट त्यानंच जुळवली. दुसऱ्या एका कामावरची नऊशेची एक ओळ शिल्लक होती, अडीच मीटरचे तीन तुकडे. ते इथं आणायचे, म्हणजे मोजमापात नऊशेच राहतात, फक्त दोनाच्या तीन होतात. पाण्याला वाट दीडपट. आबांनी मान डोलावली, मग म्हणाले, "पाणी मावंल. पाचट मावायचं न्हाई."

टिपरमधून नळ्या उतरवल्या त्या दिवशी खालच्या रानाचा मालक आला. त्याचं म्हणणं एकच. दोन नळ्यांचं पाणी आजवर झेललं, तिसरीचं तोंड माझ्या ज्वारीत का? पेरणी होऊन आठ दिवस झाले होते, कोंब जेमतेम दिसत होते. वरच्या रानाचे दोघं आले, सरपंचांचे दीर आले, अभियंता फोनवर. शेवटी असं ठरत आलं की बांधाच्या कडेनं पुढच्या वळणापर्यंत चर काढायचा आणि पाणी तिथं ओढ्यात सोडायचं. अंदाजपत्रकात चर नव्हता. जेसीबीवाल्यानं तासाचा भाव सांगितला, वरच्यांनी खालच्यांकडं बघितलं, खालच्यानं मुकादमाकडं, आणि पैसे कुणी भरायचे यावरून वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.