खाऱ्या टँकमधल्या गोगलगायी, मुक्काम शहापूर

क्रॉफर्ड मार्केटमधून समुद्री गोगलगायी घ्यायच्या, थर्मोकोलच्या डब्यात घालून कसारा लोकल पकडायची आणि आसनगावला उतरून शहापूर गाठायचं, हे वेड मला बरीच वर्षं आहे. उशाशी भातसा-तानसासारखी धरणं असताना घरात खारं पाणी कशाला, असं शेजारी विचारतात. मी त्यांच्या हातात टॉर्च देतो आणि रात्री काचेसमोर बसवतो.

ट्रोकस जातीची गोगलगाय काचेवर चढलेली असते. तिचं तोंड उघडतं, मिटतं, पुन्हा उघडतं. आत बारीक दातांची जीभ असते, खवणीसारखी. ती फिरली की काचेवरच्या हिरव्या थरात नागमोडी रेघा उमटतात. नॅसॅरियसची तऱ्हा वेगळी. ती दिवसभर वाळूत गाडून घेते, फक्त सोंड बाहेर. कोळंबीचा तुकडा टाकला की वास लागून वाळू हलते आणि एकेक वर येते. अॅस्ट्रिया मात्र उलटी पडली की बहुधा तशीच राहते. कोणी सुलटी केली नाही तर मरते. ट्रोकस स्वतःच सुलटी होते, म्हणून माझं मत तिलाच.

पाण्याचा हिशोब थोडक्यात: लिटरला साधारण 35 ग्रॅम क्षार, तापमान 24 ते 26 अंश, शंख वाढायला कॅल्शियम. तांबं मात्र नकोच. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरच्या कित्येक औषधांत ते असतं आणि गोगलगायींचा जीव घेतं.

तरीही बहुतेक गोगलगायी मरतात त्या भुकेनं. नवा, चकचकीत टँक आणि त्यात डझनभर गोगलगायी! शेवाळ चार दिवसांत संपतं, पुढे उपास. दुसरं कारण घाई. शरीरातले क्षार राखणं त्यांना जमत नाही, बाहेरचं पाणी जसं तसं आतलं. म्हणून नव्या पाण्याची ओळख बारीक नळीनं, थेंबाथेंबानं, तासभर तरी करून द्यावी.

आमच्याकडे यात मे महिन्याची भर. पंखा लावला की पाणी गार होतं, पण उडतंही. 100 लिटरमधलं 5 लिटर उडालं की 35 चे क्षार जवळपास 37 वर जातात, कारण मीठ उडत नाही. म्हणून भर गोड्या पाण्याचीच घालायची. बोअरचं नको: आमच्या बेसॉल्टमधलं सिलिका तपकिरी शेवाळ माजवतं. आरओ लावला तर बादलीमागे दोन-तीन बादल्या वाया, आणि धरणं इथं असूनही उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर येतो. मला ते पटत नाही. मुरबाडकडचा एक मित्र पहिले पाऊस ओसरले की अंगणात ताडपत्री बांधून पावसाचं पाणी साठवतो. मीही तेच करतो. वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप हवाच. तापलेल्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो.

एक गोष्ट बजावून सांगतो. रीफ बांधणारे खडकी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत, काही मोठ्या ट्रोकस आणि टर्बो गोगलगायीही त्याच वर्षी यादीत आल्या. किनाऱ्यावरून काही उचलून आणू नका. दुकानदाराला माल कुठला ते विचारा, उत्तर गुळमुळीत आलं तर रिकाम्या हातानं परता. आणि काचेवर हिरवट थर धरेपर्यंत एकही गोगलगाय आणू नका.