गेमिंगसाठी कॉम्प्युटर वाढवताय? आधी एसएमपीएसचं लेबल वाचा

वडोदरा : नागरवाड्यातल्या मराठी घरात असो, नवापूरला असो की बेळगावात, गेमिंगचा नाद असलेल्या मुलाची मागणी एकच असते : जुन्या कॉम्प्युटरात नवं ग्राफिक्स कार्ड टाकायचं. कार्डासाठी पंचवीस-तीस हजार काढले जातात. वीज पुरवणाऱ्या डब्याकडे, म्हणजे एसएमपीएसकडे, मात्र कुणी बघत नाही. कॅबिनेटसोबत आलेला आहे ना, चालेल की! पण हा डबा बिघडला तर कधी कधी कार्ड आणि मदरबोर्डही सोबत घेऊन जातो.

किती वॅट लागतात?

एक उदाहरण घेऊ. आरटीएक्स 4060 हे कार्ड 115 वॅटपर्यंत वीज घेतं. इंटेलचा आय-5 12400एफ प्रोसेसर पूर्ण जोरात 117 वॅटपर्यंत जातो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांचे 60-70 वॅट धरा. एकूण झाले सुमारे 300. मग कंपनी या कार्डासाठी 550 वॅटचा एसएमपीएस का सुचवते? कारण खेळताना कार्डाची वीज क्षणभर एकदम उसळते. शिवाय मे महिन्यात वडोदऱ्याचा पारा चाळिशी ओलांडतो. अशा उकाड्यात कमाल मर्यादेवर चालणारा डबा लवकर थकतो.

मोठा आकडा फसवतो

डब्यावर ठळक अक्षरांत '450 वॅट' लिहिलेलं असलं तरी बाजूचा बारीक तक्ता वाचा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची जवळजवळ सगळी वीज 12 व्होल्टच्या लाइनवरून येते. तिथे 18 अँपिअर लिहिलं असेल तर 12 गुणिले 18, म्हणजे फक्त 216 वॅट. वरच्या उदाहरणातल्या कॉम्प्युटरला ते पुरणारच नाहीत. चांगल्या 550 वॅटच्या डब्यात याच लाइनवर 40 अँपिअरहून जास्त मिळतात.

'80 प्लस ब्राँझ' किंवा 'गोल्ड' हा शिक्का वीज किती कमी वाया जाते ते सांगतो. डबा किती टिकेल याची हमी तो देत नाही. म्हणून वॉरंटी बघा. पाच वर्षांची असेल तर उत्तम. बिलही जपून ठेवा.

केबल आणि यूपीएस

कार्डाला 8 पिनांची जोडणी लागत असेल तर ती एसएमपीएसमधूनच यायला हवी. जुन्या ड्राइव्हच्या वायरवर कन्व्हर्टर लावून काम भागवू नका, वायर तापते. सुटणाऱ्या केबलींचा डबा असेल तर दुसऱ्या डब्याच्या केबली त्याला लावायच्या नाहीत. प्लग बसतो, पण आतली पिनांची रचना वेगळी असू शकते आणि एका क्षणात नुकसान होतं.

घरातला 600 व्हीएचा साधा यूपीएस साधारण 360 वॅटच देतो. मॉनिटर धरला तर लाइट गेल्यावर ऐन खेळात सगळंच बंद पडू शकतं. त्यामुळे यूपीएसचाही हिशोब सोबतच करा.

जुन्या घरात अर्थिंग तपासा

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होतं का? बहुतेक वेळा त्याचं कारण अर्थिंग नसणं हे असतं. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडा करंट पत्र्यावर येतो आणि त्याला जमिनीत जायला वाट मिळत नाही. जुन्या शहरातल्या घरांत तीन भोकांचं सॉकेट असतं, पण मागे अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते, असंही होतं. इलेक्ट्रिशियनला फेज आणि अर्थमधला व्होल्टेज मोजायला सांगा. तो 230 च्या आसपास यायला हवा. अर्थिंग नसेल तर कितीही महागडा डबा घेतला तरी हा धोका जात नाही.

आणि एक : एसएमपीएस घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहू शकतो.

बजेट अपुरं पडत असेल तर कार्ड एक पायरी खालचं घ्या, पण एसएमपीएस चांगलाच घ्या. पुढच्या अपग्रेडलाही तोच कामी येईल.