बिडाच्या भांड्यातला आख्खा टर्की

नोव्हेंबर महिन्यातला चौथा गुरुवार आला की अमेरिकेत घरोघरी स्वयंपाकाची धांदल उडते. त्या दिवशी तिथे ‘थँक्सगिव्हिंग’ म्हणजे आभार मानण्याचा सण असतो. १८६३ साली राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी तो देशभर पाळावा असं जाहीर केलं आणि १९४१ च्या कायद्याने चौथा गुरुवार पक्का झाला. या सणाच्या जेवणात मानाचं पान टर्कीचं!

टर्की म्हणजे कोंबडीचाच भाऊबंद, पण चांगला थोराड. मूळचा अमेरिकेचा. नावाचा घोळ मात्र पाहा हं : इंग्रजीत त्याला तुर्कस्तानचं नाव, आणि तुर्की भाषेत त्याला म्हणतात ‘हिंदी’! भारतातही तो जुना पाहुणा आहे. १६१२ साली मुकर्रब खानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी नवलाईचे पशुपक्षी आणले, त्यांत एक टर्की होता. दरबारी चित्रकार मन्सूरने त्याचं चित्र काढलं. ते आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

आता खरी पंचाईत. एवढा मोठा पक्षी आख्खा शिजवायचा कसा? टर्की दिवसभर चालतो, त्यामुळे त्याच्या तंगड्या चिवट असतात, त्यांना शिजायला वेळ लागतो. छातीचे स्नायू उडण्याचे, आणि पाळीव टर्की उडत नाही म्हटलं तरी चालेल. ते मांस मऊ, कमी चरबीचं, लवकर शिजणारं. तंगडी शिजेपर्यंत थांबावं तर छाती कोरडी ठणठणीत. छाती झाली म्हणून उतरवावं तर तंगडी कच्ची, आणि कच्च्या मांसातले जंतू अख्ख्या पंगतीला आजारी पाडतील.

बरेच जण घरातल्या भट्टीत, म्हणजे ओव्हनमध्ये टर्की भाजतात. काही हौशी मंडळी मात्र अंगणात बिडाचं भांडं मांडतात. बीड म्हणजे ओतीव लोखंड. आंबोळ्यांचा जाड, काळा तवा आठवा, तेच ते. बीड तापायला वेळ लावतं, पण एकदा तापलं की लवकर निवत नाही. इंग्लंडच्या अब्राहम डार्बीने १७०७ साली वाळूच्या साच्यात अशी भांडी ओतायचं पेटंट घेतलं होतं. अमेरिकेत या भांड्याला ‘डच ओव्हन’ म्हणतात. खाली तीन पाय, वर जड झाकण आणि झाकणाला उभा काठ. काठ कशाला? वर ठेवलेले निखारे घरंगळू नयेत म्हणून! युटा राज्याने तर १९९७ साली याला राज्याचं अधिकृत भांडं ठरवलं.

कोकणातल्या मुलांना यात नवल वाटणार नाही. तवशाचं धोंडस करताना तिथे झाकणावर निखारे ठेवतातच की.

तयारी मात्र सोमवारीच सुरू होते. गोठवलेला टर्की फ्रीजमध्ये सैल व्हायला दर दोन किलोंना एक दिवस लागतो. गुरुवारी भांड्याच्या तळाशी कांदे, गाजरं पसरतात, म्हणजे पाठ करपत नाही. वर टर्की, छाती वरच्या बाजूला. झाकण आणि छाती यांच्यामध्ये थोडी जागा हवीच. १४ इंची खोल भांड्यात पाचेक किलोंचा टर्की मावतो. आणि नुसतं भांडंच दहा-बारा किलोंचं!

आता थोडं गणित. (गुरुजी इथेही सोडत नाहीत, म्हणाल!) तिथे भुकटी दाबून केलेल्या सारख्या आकाराच्या कोळशाच्या वड्या मिळतात. भांडं जितके इंच रुंद, त्यात ३ मिळवा, तितक्या वड्या झाकणावर. त्यातून ३ वजा करा, तितक्या खाली. १४ इंची भांड्याला वर १७, खाली ११. आत साधारण १७० अंश सेल्सियस उष्णता होते. वर जास्त का? तळाला अन्न जवळजवळ टेकलेलं असतं, ते पटकन करपतं. शिवाय खालची धग आपोआप वर चढते. झाकणावरची मात्र बरीचशी हवेत जाते.

जड झाकणामुळे वाफ आत कोंडते, म्हणून छाती लवकर कोरडी पडत नाही. वरच्या धगीने कातडी तांबूस होते. दर पंधरा मिनिटांनी भांडं एका दिशेला आणि झाकण उलट दिशेला पाव फेरा फिरवतात. तासाभराने वड्या विझत येतात, मग नव्या घालायच्या. वारा सुटला तर हिशेब चुकतो. तीन-साडेतीन तास असा पहारा! आणि हे सगळं उघड्यावरच हं. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू जीव घेऊ शकतो.

शिजलं की नाही हे रंगावरून ठरवत नाहीत. मांसात खुपसायचा तापमापक तंगडीच्या आणि छातीच्या जाड भागात, हाडाला न लावता घालतात. दोन्हीकडे ७४ अंश दिसले की उतरवायचं आणि अर्धा तास तसंच ठेवायचं, म्हणजे कापताना रस वाहून जात नाही. हा अर्धा तास पोरांना सर्वांत मोठा वाटत असणार!

जेवणं झाली तरी गरम भांड्यात गार पाणी ओतायचं नाही. बीड ठिसूळ, तडकतं. निवल्यावर धुऊन, लगेच कोरडं करून, तेलाचा पातळ हात फिरवून ठेवतात. अर्थात काही घरांत ते लगेच धुतलं जात नाही, कारण उरलेली हाडं त्याच भांड्यात सूपासाठी उकळायला टाकलेली असतात.