लाव्ह्याची माती कशी होते? मॉरिशस ते केशोरी

केशोरीहून बोलतोय. मागच्या आठवड्यात एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली: "दादा, मॉरिशस तर ज्वालामुखीतून वर आलेलं बेट. लाव्हा थिजला की दगडच होतो ना? मग तिथे ऊस उगवतो कशात? माती आली कुठून?" प्रश्न भारी आहे. आजचा भाग त्यावरच.

आधी मॉरिशसशी आपलं नातं सांगतो. १८३४ पासून इंग्रजांनी तिथल्या उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. त्यात मुंबईच्या बंदरातून गेलेली मराठी माणसंही होती. आजही तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. त्या काळी मजुरांनी शेतातले काळे दगड हातांनी वेचून रचले. त्यांचे ढीग अजून उसाच्या मधोमध उभे आहेत.

दुसरं नातं दगडाचं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. जमिनीखालच्या ज्या तप्त जागेतून तो आला, तिच्यावरून आपला भूखंड उत्तरेकडे सरकत गेला, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. पुढे त्याच जागेवर मॉरिशस तयार झालं, आणि आज तिच्यावर शेजारचं रियुनियन बेट आहे. तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. म्हणजे सह्याद्रीचा काळा दगड आणि मॉरिशसचा दगड, दोन्ही एकाच चुलीवरच्या भाकरी!

आता मुद्द्यावर येऊ. ताज्या लाव्ह्याचा दगड म्हणजे बसाल्ट. त्यावर सुरुवातीला काय उगवतं माहितीये? लायकेन. आपल्या काळ्या मसाल्यातलं दगडफूल असतं ना, तेही लायकेनच. त्यातून निघणारं आम्ल दगडाला हळूहळू खातं. काही जाती तर हवेतला नायट्रोजन पकडून आणतात, कारण दगडात तो जवळपास नसतोच. मग नेचे येतात, झुडपं येतात. मुळं भेगांत शिरतात, पाला कुजतो.

खरं काम मात्र पाऊस करतो. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं. ते दगडात मुरतं आणि उष्ण हवेत दगड भराभर सडतो. भराभर म्हणजे दगडाच्या हिशोबाने, बरं का! कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटं होतं आणि झाडांची चंगळ होते. पण पाऊस थांबत नाही. हजारो वर्षांत तो हीच द्रव्यं धुऊन समुद्राला देतो. मागे उरतं लोह आणि ॲल्युमिनियम. लोह गंजतं, माती लाल होते. मॉरिशसमध्ये शामारेल गावाजवळ लाल, तपकिरी, जांभळ्या मातीच्या उघड्या टेकड्या आहेत. तो सगळा सडलेला बसाल्टच.

म्हणजे मातीलाही वय असतं. हवाई बेटांवर शास्त्रज्ञांनी ३०० वर्षांपासून सुमारे ४१ लाख वर्षांपर्यंतच्या लाव्ह्यावरची माती तपासली. अगदी नव्या मातीत झाडांना नायट्रोजन कमी पडतो, फार जुनीत फॉस्फरस. सुपीक असते ती मधल्या वयाची.

पावसाचा फरक आपल्या राज्यातही दिसतो. दगड तोच, पण विदर्भात पाऊस बेताचा, म्हणून कॅल्शियम टिकलं आणि चिकण, भेगाळणारी काळी माती झाली. कोकणात धो धो पाऊस, म्हणून तांबडा जांभा.

मग केशोरीचं काय? लाव्ह्याची हद्द नागपूरच्या आसपास संपते. आपल्या इकडचा खडक त्याहून फार जुना, ग्रॅनाइटच्या जातीचा. त्यात क्वार्ट्झ असतं आणि ते सडत नाही, त्याची रेती होते. सिहार माती हातात चोळली की जी रेती लागते ना, ती हीच. दगड वेगळा, पण नियम तोच: दगड, पाऊस, झाडं आणि वेळ.

यातली वेळ कुठे विकत मिळत नाही. एक इंच माती व्हायला शेकडो वर्षं लागतात, कधी हजारो. आणि त्यातही झाडाला लागणारं बहुतेक खाद्य वरच्या वीतभर थरात असतं.

हे आत्ताच सांगतोय, कारण या उन्हाळ्यात आमच्या घरी यावरूनच वाद सुरू आहे. वीटभट्टीवाला आमच्या एका बांधीतली फूटभर माती मागतोय. बाबांचं म्हणणंही खोटं नाही: "बांधी उंच आहे, पाणी चढत नाही. खोल झाली तर धान चांगला होईल, वरून पैसेही येतील." मी म्हटलं, "बाबा, खोल करा, पण वरचा वीतभर थर आधी बाजूला काढून ठेवू. खालची माती त्याला देऊ, मग वरची परत पसरवू." भट्टीवाला कुरकुरतोय, कारण जेसीबीचे तास वाढतात. बाबा म्हणाले, "पाहू." आमच्याकडे "पाहू" म्हणजे नाही पण असतं आणि हो पण!

तुमच्या गावात माती विकली जात असेल, तर एक करा. विकलेल्या बांधीतलं आणि शेजारच्या न विकलेल्या बांधीतलं पीक यंदा निंदणाच्या वेळी पाहा. दोन्हींचे फोटो काढा, घरच्यांना दाखवा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. बाबांनाही ऐकवीन.

चला, भेटू पुढच्या भागात.