पकड किती, आणि कोणत्या रस्त्यासाठी?

चार चाकांची गोष्ट : भाग 6

2012 साली टोयोटाची ‘जीटी86’ बाजारात आली तेव्हा तिच्या इंजिनाइतकीच चर्चा तिच्या टायरची झाली. गाडी दोन दारांची, मागच्या चाकांना ताकद देणारी, 200 हॉर्सपॉवरची. आणि पायात काय, तर मिशेलिनचे ‘प्रायमसी एचपी’, माप 215/45 आर17. आरामशीर सेडानला शोभावेत असे हे टायर प्रियस या हायब्रिड गाडीच्या काही आवृत्त्यांवरही येत. यात काटकसर नव्हती. मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांच्या चमूला आकड्यांच्या शर्यतीत पहिलं यायचं नव्हतं. साध्या वेगातही वळणावर गाडीची मागची बाजू किंचित हलावी आणि चालवणाऱ्याला मजा यावी, म्हणून पकड जाणूनबुजून बेताची ठेवली होती.

स्पोर्टी गाडी रोज ऑफिसला नेणाऱ्याने टायरच्या दुकानात शिरण्यापूर्वी हा किस्सा आठवावा. कारण तिथे पहिला सल्ला मिळतो तो ‘रुंद घ्या, चिकट घ्या’ असा.

आधी थोडा हिशोब. साधारण 1240 किलोची गाडी चार टायरवर उभी असते, म्हणजे प्रत्येकावर 310 किलो. हवेचा दाब 32 पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे सव्वादोन किलो. भागाकार केला की रस्त्याला टेकणारा रबराचा तुकडा निघतो सुमारे 138 चौरस सेंटीमीटर. आपल्या टपाल खात्याच्या पोस्टकार्डाहून जेमतेम मोठा. टायरच्या स्वतःच्या कडकपणामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा बदलतो, पण अंदाज यायला एवढं पुरे. गंमत म्हणजे टायर रुंद केला तरी दाब तोच असेल तर हे क्षेत्रफळ फारसं वाढत नाही, त्याचा आकार बदलतो: लांबट तुकडा आखूड आणि रुंद होतो. वळणावर त्याचा फायदा मिळतो. साचलेल्या पाण्यात मात्र तोच रुंद तुकडा जास्त पाणी बाजूला सारायला लागल्यामुळे अडचणीत येतो.

रबर किती मऊ, हे दुकानात कळायला एक बऱ्यापैकी सोय आहे. टायरच्या बाजूवर ‘ट्रेडवेअर’ या शब्दापुढे एक आकडा असतो. ही अमेरिकी सरकारची पद्धत. टेक्सासमध्ये ठरलेल्या रस्त्यांवर 7200 मैल गाडी पळवून टायरची झीज एका प्रमाण टायरशी ताडतात. प्रमाण टायरचा आकडा 100. मिशेलिनच्या ‘पायलट स्पोर्ट 4एस’वर 300 दिसतो, तर ट्रॅकसाठी बनवलेल्या ‘पायलट स्पोर्ट कप 2’वर 180. आकडा लहान तितकं रबर साधारणपणे मऊ आणि आयुष्य कमी. पण हा आकडा कंपनी स्वतःच छापते, तेव्हा एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना करायला तो चांगला. दोन कंपन्यांमध्ये त्यावरून पैज लावू नये.

‘कप 2’सारख्या टायरचा मोह होतो, कारण पोर्शे 911 जीटी3सारख्या गाड्या कारखान्यातूनच तो घालून येतात. कोरड्या, तापलेल्या ट्रॅकवर त्याला तोड नाही. पण त्याची नक्षी उथळ आणि खाचा मोजक्या. जुलैत खोपोलीच्या आसपास एक्स्प्रेसवेवर पाण्याचा थर असतो, तेव्हा त्या खाचांतून पाणी निसटायला जागाच पुरत नाही. टायर पाण्यावर तरंगू लागला की स्टिअरिंग हलकं लागतं आणि ब्रेक नावापुरता उरतो.

हे नेमकं कधी घडतं? 1960च्या दशकात नासाच्या संशोधकांनी विमानांच्या टायरवर प्रयोग करून एक ढोबळ सूत्र काढलं, आणि त्यात वेग ठरतो हवेच्या दाबावरून. पाण्याचा थर नक्षीपेक्षा खोल असेल तर 32 पीएसआयला हा वेग येतो ताशी 94 किलोमीटर, आणि दाब 24वर घसरला असेल तर 82. मोटारीच्या टायरला हे आकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, पण हवा कमी असली की संकट लवकर येतं हे खरंच. एक्स्प्रेसवेवर मोटारींची मर्यादा 100 आहे, हेही यासोबत ध्यानात ठेवावं.

आता खड्डे. आय20 एन लाइनवर 195/55 आर16 टायर येतो. यातला 55 म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या 55 टक्के, म्हणजे 107 मिलिमीटर. मालकाने हौसेने 17 इंची रिम बसवून 205/45 घेतला तर एकूण व्यास जवळपास तेवढाच राहतो, फरक पाऊण टक्क्याचा, त्यामुळे स्पीडोमीटरही फार फसवत नाही. पण बाजूची उंची उरते 92 मिलिमीटर. ते गेलेले 15 मिलिमीटर म्हणजेच खड्ड्याचा मार झेलणारी गादी. धारदार कडेचा खड्डा लागला की रबर रिम आणि रस्ता यांच्यात चेपलं जातं, आतले धागे तुटतात, आणि दुसऱ्या दिवशी टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा दिसतो. त्या टायरला पंक्चरवाला हात लावत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. तो बदलावाच लागतो. दिसायला भारी म्हणून रिम मोठी करण्याइतका खर्चिक शौक पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर दुसरा नसेल.

मापाच्या पुढची अक्षरंही वाचून घ्यावीत. ‘87 व्ही’ यातला 87 म्हणजे एका टायरने पेलायचं वजन 545 किलो, आणि व्ही म्हणजे ताशी 240 किलोमीटरपर्यंतची क्षमता. डब्ल्यूला 270, वायला 300. इतक्या वेगाने इथे कुणी जाणार नाही, पण कंपनीने सांगितल्यापेक्षा खालचं अक्षर किंवा कमी वजनाचा आकडा घेऊ नये. ‘डॉट’ या अक्षरांच्या ओळीतले शेवटचे चार अंक ही जन्मतारीख: 2324 म्हणजे 2024 सालचा तेविसावा आठवडा. 2020च्या जूनमध्ये केंद्र सरकारने नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध घातल्यापासून बाहेरून येणारी काही मापं सहज मिळेनाशी झाली. अशा वेळी गोदामात पडून राहिलेला जुना टायर गळ्यात मारला जाऊ शकतो, म्हणून हे अंक स्वतः वाकून बघावेत.

शिकागो किंवा टोरांटोतल्या मराठी वाचकांसाठी गणित वेगळं आहे. उन्हाळी परफॉर्मन्स टायरचं रबर साधारण सात अंशांखाली कडक व्हायला लागतं आणि बर्फावर अगदीच निरुपयोगी ठरतं. तिथे हिवाळ्यासाठी दुसरा सेट लागतोच. महाराष्ट्रात मात्र ऑल-सीझनच्या नावाखाली जास्त पैसे मोजायचं काही कारण नाही.

मग घ्यायचं काय? रिम कंपनीचीच ठेवावी, माप तेच ठेवावं, आणि ट्रॅकच्या टायरऐवजी ओल्या रस्त्यावर ब्रेक चांगला लागतो असं चाचण्यांत दिसलेला उन्हाळी परफॉर्मन्स टायर घ्यावा. युरोपातल्या लेबलवर ओल्या पकडीचा वेगळा शेरा असतो, ए ते ई. ए किंवा बी मिळाला की बाकीची जाहिरात वाचली नाही तरी चालेल. चारही टायर एकदम बदलणं परवडत नसेल तर निदान जोडी बदलावी आणि नवी जोडी मागे लावावी, गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी असली तरी. ओल्या वळणावर मागची बाजू निसटली तर सावरणं भल्याभल्यांना जमत नाही.

पुढच्या आठवड्यात अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि नायट्रोजनच्या नावाने घेतले जाणारे पैसे. तोवर गाडी थंड असताना चारही चाकांची हवा तपासून घ्या.