लोडशेडिंग नव्हे, हे शेडिंग!

काचेच्या पेटीतला बॉल पायथन दिसायला एकदम कूल. पण परभणीच्या कोरड्या हवेत त्याची कात अडकली, की सगळा कूलनेस निघून जातो. पाळीव सापाच्या पेटीतल्या दमटपणाचा फंडा नेमका आहे तरी काय?

‘शेडिंग’ हा शब्द कानावर पडला की परभणीकरांना आधी काय आठवतं? अर्थातच लोडशेडिंग! मेणबत्ती, हातपंखा आणि गच्चीवरची गादी. पण ज्याच्या घरात काचेची पेटी आहे आणि पेटीत साडेतीन-चार फुटांचा बॉल पायथन वेटोळं घालून बसलाय, त्याला ‘शेडिंग’ म्हटलं की वेगळंच टेन्शन येतं. साहेबांचे डोळे दुधाळ झालेत, रंग मळलाय, खाणं बंद आहे. कात टाकायची वेळ जवळ आलीय. आता ती एकसंध निघणार, की तुकड्या-तुकड्यांनी अंगाला चिकटून राहणार?

मराठीत ‘कात टाकणे’ म्हणजे नवं होणं, ताजंतवानं होणं. एखाद्या कंपनीनं कात टाकली, शहरानं कात टाकली, असं आपण सहज लिहून जातो. पण ज्याच्या नावावर हा वाक्प्रचार खपतो, त्या सापासाठी ही गोष्ट इतकी सोपी नसते. त्यासाठी त्याला हवेत पुरेसा ओलावा लागतो. आणि मराठवाड्याच्या हवेत वर्षातले कित्येक महिने नेमकी याचीच बोंब!

आधी कायदा, मग कात

पेटी, लाइट, थर्मोस्टॅट वगैरे शॉपिंगला निघण्याआधी एक गोष्ट पक्की डोक्यात बसवा. आपल्याकडचा कुठलाही साप पाळता येत नाही. नाग, घोणस, धामण, मांडूळ, अजगर, कुणीही नाही. शेतात सापडलं म्हणून आणलेलं छोटंसं पिल्लूही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो आणखी कडक झालाय. भारतीय अजगर पहिल्या अनुसूचीत येतो. तो पाळताना सापडलात तर किमान ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड. ‘इन्स्टा’वरच्या एका फोटोसाठी हा सौदा भलताच महाग आहे.

मग बॉल पायथनचं काय? हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला अजगर. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइटीस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचं नाव आहे. अशा विदेशी प्राण्यांची माहिती स्वतःहून जाहीर करण्याची योजना केंद्र सरकारनं जून २०२० मध्ये आणली. पुढे २०२४ च्या नियमांनी ‘परिवेश’ पोर्टलवरची नोंदणी सक्तीची केली. प्राणी ताब्यात असणं, त्याला पिल्लं होणं, तो दुसऱ्याला देणं आणि त्याचा मृत्यू, या सगळ्याची नोंद लागते. थोडक्यात, विकणारा कागदपत्रं दाखवत नसेल, तर तिथूनच काढता पाय घ्या.

आणखी एक गोष्ट. बॉल पायथन नीट सांभाळला तर २०-३० वर्षं जगतो. आज परभणीत बँकेत नोकरी, उद्या पुण्याला ट्रान्स्फर, परवा लग्न... या सगळ्यात तो तुमच्या सोबत असणार आहे. तयारी आहे?

कात म्हणजे उलटा काढलेला मोजा

सापाच्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेला असतो. साप वाढतो, पण तो थर वाढत नाही, शिवाय तो झिजतोही. म्हणून खाली नवा थर तयार होतो आणि जुना एकदम उतरतो. पिल्लं साधारण महिन्या-दीड महिन्यातून कात टाकतात. मोठ्या सापांचा हा हिशेब लांबतो.

आता यात पाणी कुठून आलं? जुना आणि नवा थर वेगळे व्हावेत म्हणून शरीर त्यांच्या मधोमध एक पातळ द्रव सोडतं. त्याच्यामुळे रंग मळतो आणि डोळे निळसर, दुधाळ दिसतात. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि कातेबरोबर तोही निघतो. या दिवसांत सापाला धड दिसत नाही, म्हणून तो बिचकतो, फुत्कारतो, कोपऱ्यात दडून बसतो. अशा वेळी त्याला मित्रमंडळींना दाखवायला बाहेर काढणं म्हणजे तापानं फणफणलेल्या माणसाला पार्टीत नेण्यासारखं आहे.

मग काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. नवखा मालक म्हणतो, “चला, सुटलो!” खरं तर कात अजून निघालेलीच नसते. ती त्यानंतर काही दिवसांत निघते. साप खरखरीत जागेवर नाक घासतो, ओठांपाशी कात सुटते आणि मग तो तिच्यातून पुढे सरकत बाहेर येतो. कात उलटी होत जाते, अगदी पायातून काढलेल्या मोज्यासारखी. हवा कोरडी असेल आणि सापाच्या अंगात पाणी कमी असेल, तर तो मधला ओलावा पुरत नाही. जुना थर कागदासारखा कडक होतो आणि फाटत फाटत चिकटून राहतो.

हे फक्त वाईट दिसतं एवढंच नाही. शेपटीच्या टोकाला कातेचं कडं अडकून राहिलं आणि पुढच्या खेपेला त्यावर दुसरं चढलं, की ते आवळत जातं. रक्तपुरवठा थांबतो आणि टोक काळं पडून गळून जाऊ शकतं. डोळ्यावरचा खवला राहिला तर डोळ्याला इजा, संसर्ग. पुंगीवाल्यांच्या बंद टोपल्यांत पाण्याशिवाय ठेवलेल्या सापांचे हाल याच गोष्टीनं होतात. आणि तहानेनं कासावीस झालेला तो साप दुधात तोंड घालतो, तेव्हा आपण हात जोडून म्हणतो, नागोबा प्रसन्न झाले!

परभणीची हवा आणि थोडं गणित

बॉल पायथनच्या पेटीत एरवी साधारण ५० ते ६० टक्के आर्द्रता हवी आणि कात टाकायच्या दिवसांत ती ७० च्या आसपास न्यावी लागते. तापमान गरम बाजूला ३१-३३ अंश, थंड बाजूला २५-२७. मूळ गावी तो उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत दिवस काढतो. बाहेर उन्हाळा असो, बिळात ओलावा टिकून असतो. आपल्या काळ्या मातीतही तेच होतं. मे महिन्यात शेताला हातभर भेगा पडतात, वरची ढेकळं तापून लालबुंद होतात, पण बिळात खोलवर गारवा असतो. आपले साप उन्हाळा तसाच काढतात. काचेच्या पेटीतल्या पाहुण्याला मात्र ते बीळ तुम्हालाच करून द्यावं लागतं.

इथे एक गंमत समजून घ्या. हवा जितकी गरम, तितकं जास्त पाणी ती वाफेच्या रूपात पोटात ठेवू शकते. म्हणून तीच हवा नुसती तापवली, तरी तिची सापेक्ष आर्द्रता घसरते. समजा डिसेंबरातली रात्र आहे, खोलीत २० अंश आणि आर्द्रता ५० टक्के. पेटीतल्या हीटरनं ही हवा ३२ अंशांवर नेली की आर्द्रता होते जेमतेम २५ टक्के! पाण्याचा एक थेंब कुठे गेला नाही, तरी हवा निम्म्यानं कोरडी. परभणीत थंडी कडक असते, पारा अनेकदा १० अंशांखाली जातो. म्हणजे हीटर लागणारच. म्हणूनच ‘उन्हाळ्यात काळजी घेऊ, हिवाळ्यात काय एवढं’ हा हिशेब इथे चुकतो.

उन्हाळ्याचं दुखणं वेगळं. पारा ४२ च्या वर, दुपारची हवा फुफाट्यासारखी. या काळात पेटीला हीटर नको, उलट खोलीच गार ठेवायला हवी, कारण पेटी तापली तर साप काही तासांतच दगावू शकतो. एसी लावला तर तो हवेतलं पाणीही काढून घेतो. मराठवाड्याचा लाडका कूलर मात्र इथे कामाला येतो. तो हवा गार करतो आणि ओलसरही. फक्त त्याचा झोत थेट पेटीवर नको आणि खिडकी किंचित उघडी हवी.

आणि पावसाळा? तेव्हा बाहेरच इतका दमटपणा असतो की पाणी मारायची हौस आवरावी लागते.

गादी ओली नको, हवा ओली हवी!

सगळ्यात कॉमन गफलत ही. आर्द्रता कमी दिसली की लोक स्प्रेची बाटली घेऊन सकाळ-संध्याकाळ पेटी न्हाऊ घालतात. तासाभरात काटा पुन्हा खाली आणि साप मात्र चिखलात. पोटाखालचे खवले सतत ओले राहिले की ते लालसर-तपकिरी होऊन सडू लागतात. वर थंडी आणि कोंदट हवा मिळाली तर छातीचा संसर्ग होतो. श्वासाला शिट्टीसारखा आवाज, तोंडाशी बुडबुडे, तोंड उघडं ठेवून श्वास. असं दिसलं की थेट डॉक्टर.

मग करायचं काय? पाणी आत ओतण्यापेक्षा आहे ते बाहेर जाऊ न देणं हा खरा फंडा. पेटीचं झाकण जाळीचं असेल तर त्याचा अर्ध्याहून जास्त भाग झाका, पण वारा खेळायला जागा ठेवा. खाली वर्तमानपत्र न घालता नारळाच्या भुश्शाचा दोन-तीन इंचांचा थर द्या. पाणी त्याच्या कडेनं तळाशी सोडा, म्हणजे वरचा थर कोरडा राहील आणि खालून हळूहळू वाफ येत राहील. बल्बची उष्णता हवा फार सुकवते. त्यापेक्षा थर्मोस्टॅटवर चालणारा हीट पॅड बरा. पाण्याचं भांडं रुंद ठेवा आणि गरज असेल तेव्हा ते गरम बाजूकडे सरकवा.

आणि या सगळ्याचा हीरो म्हणजे ‘दमट खोली’. झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, बाजूला साप शिरेल एवढं भोक पाडा, कडा घासून गुळगुळीत करा आणि आत ओलं करून पिळलेलं मॉस भरा. डोळे दुधाळ दिसले की डबा पेटीत. साप गरज असेल तेव्हा आत जाईल, नको असेल तेव्हा बाहेर येईल. अख्खी पेटी ओली करायची गरजच नाही. काही न मिळालं तर आपला माठ आहेच! फुटक्या माठाचं मोठं खापर, कडा घासून, पाण्यात भिजवून पालथं ठेवा. माठातलं पाणी गार ठेवणारी तीच ओल इथे सापाच्या कामी येते.

कात अडकलीच तर?

पहिला नियम, ओढू नका. विशेषतः डोळ्याला चिमटा लावायचा नाही. जुन्या खवल्याबरोबर डोळाही जखमी होऊ शकतो. एका डब्यात कोमट पाणी घ्या, सापाच्या अंगाच्या निम्म्या जाडीइतकंच. हाताला ते ना गरम, ना गार लागावं. त्यात सापाला २०-३० मिनिटं ठेवा आणि तिथून हलू नका. नंतर ओल्या टॉवेलच्या घड्यांतून त्याला सरकू द्या. बहुतेक वेळा कात टॉवेलमध्येच राहते. शेपटीचं टोक आणि डोळे मात्र तपासा. दोन-तीन प्रयत्नांत सुटलं नाही तर पशुवैद्याकडे न्या. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पण सापाचा अनुभव असलेला डॉक्टर कोण, ही चौकशी साप आणण्याआधीच करून ठेवा.

पेटीजवळ चिकटवून ठेवा!

• तबकडीवाल्या मीटरवर विसंबू नका. डिजिटल हायग्रोमीटर दोन घ्या, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला.

• मीटर खरं बोलतोय का? बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंबभर पाण्यानं चिखलासारखं करा. ते आणि मीटर हवाबंद डब्यात ८-१० तास ठेवा. आकडा ७५ च्या आसपास आला पाहिजे.

• डोळे दुधाळ असताना हाताळणं बंद, खाणंही टाळलेलं बरं.

• निघालेली कात उलगडून बघा. दोन्ही डोळ्यांच्या टिकल्या आणि शेपटीचं टोक तिच्यात आहे ना?

• कात सापापेक्षा लांब भरते. ‘एका रात्रीत वाढला’ म्हणून पेढे वाटू नका!

• वीज गेली तर? हीट पॅड, कूलर सगळं बंद होतं. इन्व्हर्टरवर पेटीचा पॉइंट घ्या.

आणि घरात नुसतीच कात सापडली तर?

माळ्यावर, विटांच्या ढिगात, मोटारीच्या खोलीत कात दिसली की घरात गोंधळ उडतो. साप अजून तिथेच असेल असं नाही. कात टाकून तो पुढे गेलेला असू शकतो. काठी घेऊन शोधमोहीम काढण्यापेक्षा वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा किंवा ओळखीच्या सर्पमित्राला बोलवा. पकडलेला साप ‘दोन दिवस ठेवून बघू’ म्हणून घरी ठेवायचा मोहही नको. कायदा तर आड येतोच, पण त्याची शेतातली भेग, त्याचं बीळ आणि तिथली ओल तुम्ही त्याला कुठून देणार?

सापाची आवड असेल आणि पंचवीस वर्षांची जबाबदारी झेपणार नसेल, तर पुण्याला जाल तेव्हा कात्रजचं सर्पोद्यान बघून या. नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली पुण्यात काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काढून सापांबद्दलची भीती घालवायचा प्रयत्न केला होता. १९८६ मध्ये उभं राहिलेलं हे सर्पोद्यान त्याच ध्यासातून आलं. तिथे साप डोळे भरून बघा, पाट्या वाचा, प्रश्न विचारा. तिकिटाच्या पैशात हौस भागते आणि कुणाची कातही अडकत नाही.

आणि तरीही पेटी घ्यायचीच असेल, तर आधी नुसती पेटी आणा. साप नको. भुसा घाला, पाणी ठेवा, मीटर लावा आणि एक महिना रोज सकाळी आणि भर दुपारी आकडे वहीत लिहा. मे महिन्यात लिहिलेत तर उत्तमच. काटा ५० च्या खाली जाऊ न देणं जमलं, तर मग परिवेशचा फॉर्म उघडा!