यकृतांतील मेद आणि हृदय

दुधनीच्या बाजारपेठेंत दिवसभर गादीवर बसून तुरीचे हिशेब लिहिणारा सडपातळ अडत्या स्वतःस निरोगी समजतो. तो दारूस शिवत नाहीं. मग यकृताचें भय कसलें? येथेंच फसगत होते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांची तुलना २००४ सालीं ‘लॅन्सेट’ मासिकांत नव्हे, साप्ताहिकांत प्रसिद्ध झाली, ती मोठी बोलकी आहे. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें. परंतु युडकिनांच्या अंगीं मेद शेंकडा ९.१, तर याज्ञिकांच्या अंगीं २१.२!

असा लपलेला मेद पोटांत व यकृतांत सांठतो. मेदानें भरलेलें यकृत इन्शुलिनला जुमानीत नाहीं. तें साखर व चरबी रक्तांत सोडीतच राहतें, आणि रक्तवाहिन्यांच्या आंत थर चढूं लागतात. म्हणून अशा रोग्यांत यकृतापेक्षां हृदयविकारानेंच मरणारे अधिक. आणि तोंवर दुखणें असें बहुधा कांहींच जाणवत नाहीं.

वजनकाटा ही खबर देत नाहीं. शिंप्याची फीत देते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरांवर, स्त्रीची ८० वर गेली कीं तपासणी करावी. सडपातळ माणसानेंहि वजन शेंकडा ३ ते ५ उतरविल्यास यकृतांतील मेद घटतो.